चौथा टप्पा

धर्मगुरूची दुचाकी अवेळी एखाद्या घरासमोर थांबली आणि त्याच्या हातात ती छोटी काळी पिशवी दिसली, की आमच्याकडे आजूबाजूच्या घरांची दारे हळूच उघडतात. पिशवीत फार काही नसते. पवित्र तेलाची लहानशी डबी, थोडा कापूस आणि प्रार्थनेचे पुस्तक. परंतु ती पिशवी पाहिली की शेजारी 'रुग्ण कसा आहे?' असे विचारत नाहीत, 'किती दिवस?' एवढेच विचारतात. या संस्काराला 'अखेरचा अभ्यंग' न म्हणता 'आजाऱ्यांचा अभ्यंग' म्हणणे अधिक योग्य, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितले. १९७२ साली त्याचा नवा विधी आला. हा मरणाऱ्याचा नव्हे, आजाऱ्याचा संस्कार आहे, हे मी गोरेगावच्या सेमिनरीत शिकलो आणि पुढे कितीतरी वर्षे लोकांना शिकवीत राहिलो. तरीही जुना शब्द मनातून जात नाही. शब्दाला एकदा मरणाचा वास लागला, की तो सहजासहजी धुतला जात नाही.

असाच एक शब्द पुढे माझ्या स्वतःच्या वाट्याला येईल आणि मीही शेजाऱ्यांप्रमाणेच 'किती दिवस?' एवढेच विचारीन, असे मला कधी वाटले नव्हते.

२०१८ सालची गोष्ट. त्या वर्षी राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीला आला होता. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होतो. उपवासकाळ सुरू झाला आणि माझ्या लक्षात आले, की या वर्षी उपवास मला मुळीच जड जात नाही. अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरल्यासारखे वाटे. आमच्या स्वयंपाकीणबाई कुरकुरत, 'फादर, ताटात निम्मं तसंच आहे.' मी मात्र मनातून सुखावलो होतो. इतक्या वर्षांनी जिभेवर ताबा आला, असे वाटून थोडासा आध्यात्मिक अहंकारही शिवला असावा. जेवणाची जागा पोटातल्या दुसऱ्याच कुणीतरी व्यापली आहे, ही कल्पना तेव्हा कोठून येणार?

ईस्टरनंतर धर्मग्रामाच्या सभागृहात रक्ततपासणीचे शिबिर झाले. आमचे लोक सुईला घाबरतात, म्हणून उदाहरण घालून द्यावे या हेतूने पहिला हात मी पुढे केला. चार दिवसांनी कागद आला. हिमोग्लोबिन ११.२, प्लेटलेट १ लाख १० हजार. पांढऱ्या पेशी मात्र १६ हजार आणि त्यांत लिम्फोसाइट नावाच्या पेशींचे प्रमाण प्रमाणाबाहेर. गावातल्या डॉक्टरांनी मला उजव्या कुशीवर झोपवले, दीर्घ श्वास घ्यायला सांगितले आणि डाव्या बरगडीखाली बोटे रुतवली. त्यांचा चेहरा क्षणभर स्थिर झाला.

'फादर, तुमची पाणथरी वाढलीय. चार बोटं खाली लागते हाताला.'

पाणथरी हा शब्द मी आजीच्या तोंडून ऐकला होता. हिवतापाच्या दिवसांत पोरांची पोटे डावीकडून फुगत, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना ते हाताने कळे. संस्कृतात आणि आता पाठ्यपुस्तकांत तिला प्लीहा म्हणतात. हिवतापाचे आणि तिचे नाते इतके जवळचे, की १८४०च्या दशकात डेम्प्स्टर नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी यमुना कालव्यालगतच्या गावांत लोकांची पोटे चाचपून पाहिली आणि किती जणांची पाणथरी वाढली आहे, त्यावरून त्या गावातल्या हिवतापाचे मोजमाप केले. आमच्या डॉक्टरांनीही प्रथम हिवतापच शोधला. तो सापडला नाही. सोनोग्राफीत प्लीहेची लांबी सतरा सेंटीमीटर भरली. साधारणतः ती अकरा-बारा सेंटीमीटर असते, आणि वजन दीडशे-दोनशे ग्रॅम. निरोगी माणसाला ती आहे याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात रक्तविकारांच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे मला पाठवण्यात आले. बाई तरुण, बोलण्यात शांत. काचेवर पसरलेला माझ्या रक्ताचा थेंब त्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि मलाही पाहू दिला. जांभळ्या रंगाच्या गोल पेशी. त्यांतल्या काहींच्या एका टोकाला बारीक केसाळ तंतू फुटलेले, जणू कणसाच्या शेंड्याला आलेली झालर.

'या पेशींना असे तंतू अनेक कारणांनी येतात,' बाई म्हणाल्या. 'चेहऱ्यावरून नाव सांगता येत नाही. ओळख पटवावी लागेल.'

ही ओळख पटवण्याची रीत मला फार मनोवेधक वाटली. विवाहापूर्वी आम्ही वधूवरांचे बाप्तिस्म्याचे दाखले, दृढीकरणाच्या नोंदी तपासतो; चेहऱ्यावर विसंबत नाही. तसेच येथे प्रत्येक पेशीच्या अंगावरील खुणा तपासतात. चमकणारी रसायने जोडलेली प्रतिद्रव्ये रक्तात मिसळतात, पेशी एकामागोमाग एक लेझरच्या प्रकाशासमोरून जातात आणि यंत्र त्यांची नोंद घेते. सीडी २० ही खूण माझ्या पेशींवर ठळक होती. म्हणजे त्या बी लिम्फोसाइट. सीडी ५ आणि सीडी २३ नव्हत्या. म्हणून तो नेहमी आढळणारा रक्ताचा सावकाश वाढणारा कर्करोग नव्हे. सीडी १०३ नव्हती. म्हणून 'केसाळ पेशींचा' म्हणून ओळखला जाणारा दुसरा रोग नव्हे. सायक्लिन डी १ नव्हते. म्हणून आणखी एक, अधिक उग्र प्रकार बाजूला पडला. काय आहे हे कळण्यासाठी काय नाही ते आधी एकेक करून वगळावे लागते. प्रत्येक रोगाचे औषध वेगळे असल्यामुळे या वगळण्यात घाई करून चालत नाही.

त्याबरोबरच यकृताला बाधणाऱ्या बी आणि सी या दोन्ही विषाणूंची तपासणी झाली. त्याचे कारण मी विचारले, तेव्हा बाईंनी सांगितलेली हकीकत मी विसरलेलो नाही. प्लीहेच्या या रोगाचे आणि सी विषाणूचे काही रुग्णांत नाते असते. २००२ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी असे नऊ रुग्ण प्रसिद्ध केले. त्यांना कर्करोगाचे औषध न देता विषाणूवरचे औषध दिले. ज्या सात जणांच्या रक्तातून विषाणू नाहीसा झाला, त्यांचा रोगही मावळला. विषाणू नसलेल्या रुग्णांना त्याच औषधाचा काहीच उपयोग झाला नाही. आता तर त्या विषाणूवर तोंडाने घ्यायच्या गोळ्या आहेत. माझ्या रक्तात दोन्ही विषाणू नव्हते. मला जरा वाईटच वाटले! गोळ्यांवर भागले असते.

मग अस्थिमज्जेची तपासणी. कमरेच्या हाडात मागच्या बाजूने सुई घालतात. जागा बधिर करतात. परंतु मज्जा ओढून घेताना जी कळ पायापर्यंत जाते, ती बधिर होत नाही. इतरांच्या खाटेशी उभे राहून मी कितीदा म्हटले असेल, 'आपले दुःख प्रभूला अर्पण करा.' त्या क्षणी मला काहीही अर्पण करता आले नाही. एका शिकाऊ डॉक्टर मुलीने माझा हात धरला होता. मी फक्त तो घट्ट पकडून राहिलो.

आठ-दहा दिवसांनी नाव मिळाले : स्प्लेनिक मार्जिनल झोन लिम्फोमा. प्लीहेच्या आत पांढऱ्या गराची बेटे असतात आणि भोवती लाल गराचा समुद्र. बेटाच्या किनाऱ्यावर पेशींचा एक पट्टा रक्तावर पहारा देत उभा असतो. त्या किनाऱ्यावरचे पहारेकरीच वाजवीपेक्षा वाढत जातात, तो हा रोग. लिम्फोमांच्या सगळ्या प्रकारांत तो शंभरात दोनाहूनही कमी; बहुधा साठी उलटलेल्यांना होणारा आणि सहसा मंद गतीने चालणारा. स्वतंत्र रोग म्हणून त्याचे वर्णन १९९२ सालचे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला जागा मिळाली ती २००१ साली. पूर्वी प्लीहा काढून तपासल्याखेरीज खात्री होत नसे. आता रक्त आणि मज्जा यांवरून बहुतेक वेळा निदान होते.

सेमिनरीत ग्रीक शिकवणाऱ्या फादरांची मला त्या दिवसांत फार आठवण झाली. शुभवर्तमानात प्रभूला कळवळा आला असे जेथे आपण वाचतो, तेथे मूळ ग्रीक क्रियापद पोटातल्या आतड्या-काळजावरून आलेले आहे, असे ते आवर्जून सांगत. प्लीहा त्या आतल्या अवयवांपैकीच एक. जुन्या ग्रीक वैद्यांनी मात्र तिला उदास काळ्या पित्ताचे घर ठरवले होते. प्रत्यक्षात ती करते ते काम निराळेच. रक्तातली लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. थकलेल्या, ताठरलेल्या पेशी प्लीहेत अडवल्या जातात आणि त्यांच्यातले लोह परत शरीराच्या उपयोगी लावले जाते. डॉक्टर तिला लाल पेशींची दफनभूमी म्हणतात. वाढलेली प्लीहा मात्र तरुण, धडधाकट पेशींनाही अडकवून ठेवते. माझे हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट उतरण्याचे ते एक कारण होते.

त्यानंतर आला तो शब्द.

सीटी स्कॅन झाले, मज्जेचा अहवाल जोडला गेला आणि फाइलवर कुणीतरी निळ्या शाईने लिहिले : टप्पा चार. डॉक्टरीणबाई त्या दिवशी नव्हत्या. भेटीची तारीख पुढल्या मंगळवारची होती. मी फाइल काखेत घेऊन परतीची गाडी पकडली. दादरला चढलो ते वसईला उतरेपर्यंत खिडकीबाहेर काय गेले, ते मला सांगता येणार नाही. भाईंदरची खाडी आली, गाडीचा आवाज पुलावर बदलला आणि अचानक मला एक घर आठवले.

वाचकहो, ही गोष्ट सांगणे मला सोपे नाही.

२००४ साली मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथील एका वाडीवाल्या शेतकऱ्याला, वय बासष्ट-त्रेसष्ट असेल, असाच गाठींचा कर्करोग निघाला. त्याचे मुलगे माझ्याकडे फाइल घेऊन आले. तिच्यावर 'टप्पा चार' असे लिहिलेले होते. औषधासाठी वाडीचा तुकडा विकावा लागणार होता. 'काय करू, फादर?' थोरल्याने विचारले. मी त्यांना म्हणालो, 'चौथा टप्पा म्हणजे आता मानवाच्या हातचे काही उरले नाही. बाबांच्या देहाचे हाल करू नका. त्यांना घरी शांतीने राहू द्या.' मी मनापासून बोललो होतो. दुसऱ्या दिवशी मीच काळी पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेलो. पाच महिन्यांनी ते वारले. अंत्यविधीला मी प्रवचन केले आणि लोक म्हणाले, फादर फार छान बोलले.

तो कोणत्या प्रकारचा लिम्फोमा होता, हे मी विचारले नव्हते. लिम्फोमाचे अनेक प्रकार असतात, हेच मला माहीत नव्हते. उपचार केले असते तर ते वाचले असते का, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. परंतु 'डॉक्टरांना पुन्हा एकदा विचारून या,' एवढे वाक्य मी बोलू शकलो असतो. ते मी बोललो नाही, आणि माझ्या शब्दाला त्या घरात डॉक्टरांच्या शब्दाहून अधिक वजन होते.

मंगळवारी मी डॉक्टरीणबाईंसमोर बसलो आणि त्यांनी फाइल उघडण्याआधीच विचारले, 'किती दिवस?'

त्यांना प्रथम कळलेच नाही. मी निळ्या शाईवर बोट ठेवले. तेव्हा त्यांनी कोरा कागद घेतला आणि माणसाची बाह्याकृती काढली.

'फादर, टप्पा म्हणजे वेळ नव्हे. टप्पा म्हणजे नकाशा. रोग शरीरात कुठेकुठे आहे, एवढंच तो सांगतो.'

ही चार टप्प्यांची पद्धत १९७१ साली अमेरिकेतील ॲन आर्बर गावी भरलेल्या बैठकीत ठरली, आणि ती मुख्यतः हॉजकिनच्या रोगासाठी होती. तो रोग एका गाठीतून शेजारच्या गाठीत असा क्रमाने पसरतो. छातीच्या पडद्याच्या एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना, मज्जेत पोचला आहे की नाही, यावरून तेथे पुष्कळ काही कळते. २०१४ साली त्या पद्धतीत सुधारणा झाल्या. पण चौकट तीच राहिली. 'तुमच्या रोगाच्या पेशी मुळात रक्तातून वावरणाऱ्या,' बाई म्हणाल्या. 'प्लीहा, रक्त आणि मज्जा ही त्यांची घरं. म्हणून माझ्याकडे येणारे या आजाराचे जवळजवळ सगळेच रुग्ण पहिल्याच दिवशी चौथ्या टप्प्यात असतात. त्यातले कितीतरी जण दहा-दहा वर्षं माझ्याकडे येताहेत.'

मग त्यांनी खरी उपयोगी मोजदाद करून दाखवली. २००६ साली इटलीतील डॉक्टरांनी या रोगाच्या रुग्णांचा अभ्यास करून तीन साध्या गोष्टी काढल्या : हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी आहे का, एलडीएच नावाचे द्रव्य वाढले आहे का, आणि रक्तातील अल्ब्युमिन ३.५ पेक्षा कमी आहे का. यांतले एकही नसेल, तर पाच वर्षांनंतर शंभरातले ८८ रुग्ण या रोगाने दगावलेले नव्हते. एक असेल तर ७३. दोन किंवा तीन असतील तर ५०. माझ्यात एकच होते, हिमोग्लोबिन. 'आणि हे आकडेही जुन्या रुग्णांचे, तुमचे नव्हेत,' असे त्यांनी बजावले.

'मग उपचार केव्हा सुरू करायचे?'

'आत्ता नाही. वाट पाहायची.'

मी थक्क झालो. कर्करोग आहे, चौथा टप्पा आहे आणि औषध नाही! बाईंनी समजावले : त्रास नसताना लवकर औषध दिल्याने या रोगात आयुष्य वाढते, असे दिसलेले नाही, औषधाचे उपद्रव मात्र लवकर सुरू होतात. हिमोग्लोबिन १० च्या खाली, प्लेटलेट ८० हजारांच्या खाली, किंवा प्लीहेचा जाच वाढला, की सुरुवात करू. तोवर दर तीन महिन्यांनी रक्त आणि पोटाची तपासणी. एलडीएच एकाएकी चढले, एखादी गाठ झपाट्याने वाढली किंवा वजन उतरले, तर लगेच यायचे. काही थोड्या रुग्णांत हा मंद रोग आपला स्वभाव बदलतो आणि उग्र होतो.

घरी परतलो तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती. मोठ्या बहिणीने फाइल पाहिली होती. चार दिवसांत धर्मग्रामात सर्वतोमुखी झाले, की फादरांचा चौथा टप्पा आहे. लोक भेटायला येऊ लागले. कुणी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी गुळवेलीचा काढा. एका कुटुंबाने जानेवारीत ठरलेले मुलाचे लग्न आगमनकाळाच्या आत उरकायचे ठरवले. 'फादरांच्या हातूनच व्हायला हवं' हे त्याचे कारण मला नंतर कळले. (त्या जोडप्याच्या दोन्ही मुलांना पुढे मीच बाप्तिस्मा दिला.) शेवटी एका रविवारी मिस्साच्या अखेरीस, सूचनांच्या वेळी, मी सगळे सांगून टाकले : रोगाचे नाव, टप्प्याचा अर्थ, आणि वाट पाहण्याचे कारण. बाहेर पायरीवर एक वृद्ध बाई मला म्हणाल्या, 'म्हंजे देवावर सोडलंत ना, फादर?' मी म्हणालो, 'नाही हो, मावशी. देवावर सोडणं आणि तपासणीची तारीख न चुकवणं ही दोन्ही कामं बरोबरच करायची आहेत.' त्यांना ते कितपत पटले, कोण जाणे.

जवळजवळ चार वर्षे अशी गेली. तपासणीच्या आधीचे आठ दिवस जड जात. पाकीट उघडताना बोटे थरथरत. करोनाच्या टाळेबंदीत मुंबईला जाणे थांबले, तेव्हा गावातच रक्त देऊन आकडे फोनवर कळवत असे. २०१८ चे ११.२ हळूहळू १०.८ झाले, मग १०.१. २०२२ च्या मार्चमध्ये ते ९.३ वर आले, प्लेटलेट ७४ हजार, आणि प्लीहा एकवीस सेंटीमीटर. जिना चढताना मला मध्येच थांबावे लागे. रोगाने स्वभाव बदललेला नाही, याची खात्री करून घेण्यासाठी पेट स्कॅन झाले. तशी चिन्हे नव्हती.

आता दोन वाटा होत्या. एक जुनी : शस्त्रक्रियेने प्लीहा काढून टाकणे. रक्ताचे आकडे त्याने लवकर सुधारतात. पण मज्जेतला रोग तसाच राहतो आणि प्लीहेविना काही जंतूंपुढे माणूस आयुष्यभर दुबळा होतो. म्हणून त्या शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस या जंतूंवरील लसी देतात. दुसरी वाट रिटुक्सिमॅब या औषधाची. पेशीवरची ती सीडी २० खूण हेरून तिला चिकटणारे हे प्रतिद्रव्य अमेरिकेत १९९७ साली मान्य झाले. २००७ साली हैदराबादच्या एका कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती कमी किमतीत आणली, म्हणून ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आले. या रोगात ते एकटे दिले तरी बहुसंख्य रुग्णांना गुण येतो. यकृताचा बी विषाणू शरीरात दडलेला असल्यास हे औषध त्याला जागे करू शकते, म्हणून ती तपासणी पुन्हा झाली. करोनाची लस या औषधानंतर नीट लागू पडत नाही, म्हणून ती आधीच पुरी करून घेतली होती.

पहिल्या दिवशी सलाइनमधून औषध अगदी सावकाश सुरू झाले. अर्ध्या तासात मला हुडहुडी भरली, दात वाजू लागले. परिचारिकेने औषध थांबवले, इंजेक्शन दिले, पांघरूण घातले आणि तासाभराने पुन्हा हळूहळू सुरू केले. पुढच्या खेपांना काही झाले नाही. आठवड्यातून एकदा, असे चार आठवडे. तिसऱ्या आठवड्यानंतर एका सकाळी मी अख्खी भाकरी खाल्ली आणि आणखी अर्धी मागितली. स्वयंपाकीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्यानंतर वर्षभर दर दोन महिन्यांनी एक खेप झाली. आज हिमोग्लोबिन १३ च्या आसपास आहे आणि प्लीहा तेरा सेंटीमीटर. डॉक्टरीणबाई 'बरे झालात' असे म्हणत नाहीत; 'रोग शमला आहे' असे म्हणतात. पुन्हा उठला तर पुन्हा औषध आहे. तारखा चालू आहेत.

थॉमस हॉजकिन या डॉक्टरांचा गाठी आणि प्लीहा यांच्या विकारांवरचा निबंध १८३२ साली लंडनला वाचला गेला. लिम्फोमाच्या अभ्यासाची ती सुरुवात मानतात. पॅलेस्टाइनच्या प्रवासात १८६६ साली ते वारले आणि जाफा येथे त्यांना पुरण्यात आले. पवित्र भूमीच्या यात्रेत मी जाफाला गेलो होतो, पेत्राच्या नावाचे चर्च पाहिले होते. त्या माणसाची कबर तेथेच आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पुन्हा कधी जाणे झाले, तर तिच्यावर फूल ठेवीन.

पण त्याआधी मला एका जवळच्या घरी जायचे होते. गेल्या वर्षी, सर्व मृतांच्या दिवसानंतर, मी त्या वाडीवाल्याच्या घरी गेलो. त्यांची पत्नी आता ऐंशीच्या घरात आहे. थोरल्या मुलाने खुर्ची दिली. भाईंदरच्या पुलावर मला जे आठवले होते, ते मी त्यांना सांगितले. 'त्या दिवशी मी तुम्हाला डॉक्टरांकडे परत पाठवायला हवं होतं,' मी म्हणालो. 'मला माहीत नव्हतं, आणि माहीत असल्यासारखा बोललो.'

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग मुलगा म्हणाला, 'फादर, तुम्ही रोज यायचात, ते बाबांना फार बरं वाटायचं. ते खोटं नाही.' थोडे थांबून तो पुढे म्हणाला, 'पण एकदा विचारून आलो असतो, तर आमच्याही मनाला लागून राहिलं नसतं.' म्हाताऱ्या आईने माझ्यासमोर चहाचा कप सरकवला. मी तो प्यालो. यापेक्षा अधिक क्षमा मागण्याचा मला अधिकार नव्हता.

आता माझ्या काळ्या पिशवीत तेलाच्या डबीशेजारी एक लहान वही असते. कुणाच्या घरी कर्करोगाची फाइल निघाली, की त्या वहीचे पान फाडून मी चार प्रश्न लिहून देतो. रोगाचे पूर्ण नाव काय, कोणता प्रकार? या प्रकारात टप्प्याचा अर्थ काय? उपचार आताच हवेत, की थांबता येईल? आणि थांबायचे, तर कशावर लक्ष ठेवायचे? 'हे डॉक्टरांना विचारून या,' मी म्हणतो, 'मग आपण बोलू.' त्यांची उत्तरे कधी आशेची असतात, कधी नसतात. नसली, तरी मी तेथे असतोच. त्यानंतर अभ्यंग देतो, आजाऱ्याला, त्याच्या कपाळावर आणि तळहातांवर.

बाहेर पडताना शेजारच्या दारातून तोच जुना प्रश्न येतो, 'किती दिवस, फादर?' मी दुचाकीला किल्ली लावतो आणि सांगतो, 'मंगळवारची तारीख आहे. विचारून येणार आहेत.'